फाइल आणि फास

ज्यांची मुले १९९६ साली चार-पाच वर्षांची होती, त्या कोल्हापूरकरांना गावित प्रकरण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. त्या हिवाळ्यात महाद्वार रोडवर एखादी आई मुलाचे बोट घट्ट धरून चालली की ओळखावे, बाईंनी सकाळी पेपर वाचला आहे!

अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, १९९० पासून गर्दीच्या ठिकाणांहून लहान मुले पळवत होत्या. कडेवर मूल असलेल्या बाईवर कोणी संशय घेत नाही, हेच त्यांच्या चोरीचे भांडवल. चोरी अंगाशी आली की त्या मुलाची ढाल व्हायची, आणि ते अडचणीचे ठरू लागले की त्याला संपवले जायचे. तेरा मुलांच्या अपहरणाचा आणि त्यांतल्या काहींच्या खुनांचा खटला आमच्या कोल्हापुरात चालला. अंजनाबाई निकालापूर्वीच तुरुंगात वारली. जून २००१ मध्ये सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली.

त्या दिवशी आमच्या बँकेत कोणीतरी पेढे आणले. कॅश जुळल्यावर सगळ्यांनी खाल्ले. मीही खाल्ला. हात जरासुद्धा कचरला नाही, हे आधी कबूल करतो. नाहीतर पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पुढे काय झाले? उच्च न्यायालयाने २००४ मध्ये फाशी कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी. मग दयेचे अर्ज झाले. ते राष्ट्रपतींनी फेटाळले २०१४ साली. अखेर १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोघींची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. त्यांचा गुन्हा क्षम्य होता म्हणून नव्हे. दयेच्या अर्जांवर निर्णय घ्यायला सरकारी यंत्रणेने जवळजवळ आठ वर्षे लावली, आणि इतका काळ माणसाला फासाच्या सावलीत ठेवणे घटनेत बसत नाही म्हणून. न्यायालयाने यंत्रणेच्या बेफिकिरीवर कडक ताशेरे ओढले. मात्र सुटकेची मागणी मान्य केली नाही.

मी आयुष्यभर फायलींत वावरलेला माणूस. फाइल कशी झोपते हे मला ठाऊक आहे. एक जोडपत्र कमी असते, साहेब रजेवर असतात, शेरा मारून ती पुन्हा खालच्या टेबलावर येते. कोणाच्याच मनात पाप नसते! कर्जाची फाइल अशी झोपली तर शेतकऱ्याचा एक हंगाम जातो. इथे एका बाजूला दोन माना होत्या आणि दुसऱ्या बाजूला लेकरे गमावलेल्या आया. दोघींना फाशी द्यावी की नाही, हा प्रश्न समाज म्हणून आपण सोडवलाच नाही. तो फायलीने सोडवला. ज्या हातांना आठ वर्षांत एका अर्जाचा निकाल लावता येत नाही, त्या हातांत दोर द्यावा का, असे मला तेव्हापासून वाटू लागले. चुकलेली नोंद आम्ही दुसऱ्या दिवशी उलटी नोंद घालून दुरुस्त करत असू. फाशीला उलटी नोंद नाही.

जरबेचे म्हणाल, तर २७ नोव्हेंबर १९८३ रोजी जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या चौघांना येरवड्यात फासावर चढवले, तेव्हा अवघ्या महाराष्ट्रात दुसरा विषय नव्हता. त्यानंतर सातच वर्षांनी या मायलेकींनी पहिले मूल उचलले.

मग तुरुंग कशासाठी? याचे एक उत्तर आपल्या शेजारीच आहे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरची ती कल्पना, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी ती उचलून धरली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्यांनी बायकामुलांसह राहावे, शेती पिकवावी. त्यावरूनच गदिमांनी कथा लिहिली आणि आमच्या कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. पडद्यावरच्या त्या सहा खुन्यांवर आपण सगळ्यांनीच विश्वास ठेवला होता.

हे सारे मी एकदा जेवताना घरी मांडले. सौ. शांतपणे म्हणाली, ‘‘त्या दोघींना पाठवाल का स्वतंत्रपूरला? आपल्या नातवंडांच्या शेजारी?’’

माझा घास हातातच राहिला. नाही, पाठवणार नाही. सगळेच कैदी सुधारतात असे म्हणणे ही भाबडी समजूत आहे, आणि कोणीच सुधारत नाही म्हणणे ही आळशी समजूत. बहुतेक कैदी कधी ना कधी आपल्याच गल्लीत परतणार असतात. त्यांना माणसांत आणण्यासाठी तुरुंगाने झटले पाहिजे. ज्यांची भीती कधीच सरणार नाही, त्यांच्यासाठी दार बंदच राहावे. पण दार बंद ठेवणे वेगळे आणि जीव घेणे वेगळे. बंद दारापाशी आपली चूक कधीतरी लक्षात येऊ शकते.

सौ.चे समाधान झाले नाही. ‘‘त्या आयांना हे सांगून बघा,’’ एवढेच ती म्हणाली आणि ताटे उचलू लागली. त्या आयांसमोर उभे राहून हे बोलण्याचे धैर्य माझ्यात नाही. तरीही मत बदलत नाही. पेढा मात्र आज मी घेतला नसता. एवढे कळायला मला वीस वर्षे लागली.