खरखर जावी, घरघर राहावी

चार वर्षांपूर्वीची दिवाळीची साफसफाई. माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली आली आणि जुन्या शालीखाली एकतीस कॅसेट्स निघाल्या. काहींवर काकांच्या रेखीव अक्षरात मराठी नावे, काहींवर आईने कन्नडमध्ये लिहिलेली, तर निम्म्यांवर काहीच नाही. "टेपच नाही घरात, ठेवून काय करायचं?" असे म्हणत आईने त्या भंगाराच्या पोत्याजवळ सरकवल्याही होत्या. त्यांतली एक मी उचलून घेतली. तिच्यावर लिहिले होते, 'अक्काचे लग्न, १९८६'.

अक्का म्हणजे माझी आत्या. तिच्या लग्नाला काका पलटणीतून सुट्टी काढून आले होते आणि येताना नवा कोरा टू-इन-वन घेऊन आले होते. हळद दळायला बायका जात्यावर बसल्या, आज्जीने ओवी धरली आणि काकांनी लाल बटण दाबले. परत जाताना ती कॅसेट त्यांनी बरोबर नेली. घरापासून दोन हजार किलोमीटरवर रात्री ती लावली की झोप लागायची, असे ते सांगत.

मी कॉलेजात मराठी शिकवते. संगणक हा काही माझा प्रांत नव्हे. तरी उत्साहाने शेजारून वॉकमन मागून आणला, वायर जोडली आणि 'एका बटणात आवाज स्वच्छ' असे आश्वासन देणारा एक प्रोग्राम संगणकावर उतरवून घेतला. बटण दाबले. खरखर नाहीशी झाली, आज्जीचा आवाज लख्ख झाला. त्याची एमपीथ्री करून मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. पुण्याहून, बेंगळुरूहून कौतुक आले. आईने मात्र दोनदा ऐकले आणि म्हणाली, "आवाज त्यांचाच गं. पण त्या दळतात कुठे?"

खरेच की! जाते गायब झाले होते.

सॉफ्टवेअरला काय कळते?

कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली ती मुख्यतः बोलणे टिपून ठेवण्यासाठी. एवढ्याशा जागेत आवाज साठवला की मागे बारीक 'सस्स' असा आवाज राहतोच, आणि तो न थांबता एकसारखा येतो. सफाई करणारे सॉफ्टवेअर हेच हेरते. जो आवाज सतत आणि एकसारखा, तो कचरा, असा त्याचा साधा हिशेब.

पण जात्याची घरघरही सतत आणि एकसारखीच असते. तंबोऱ्याचेही तेच. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा आणि धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांचा हा मुलूख. एखाद्या घरगुती बैठकीची कॅसेट तुमच्याकडे असेल, तर डोळे झाकून सफाई केल्यावर गायक राहील आणि तंबोरा विरून जाईल. शिवाय फार हळू आवाजही यात बळी पडतात. मागे कुणी पुटपुटले, दाराशी कुणी हाक मारली, तर तेही खरखरीबरोबर पुसले जाते.

चूक सॉफ्टवेअरची नव्हती. मी दोन चुका केल्या होत्या. मूळ आवाज तसाच उतरवून न ठेवता थेट साफ केला, आणि तोही फक्त एमपीथ्रीत जपला. एमपीथ्री फाइल लहान करताना आवाजाचा काही भाग कायमचा टाकून देते. सुदैवाने कॅसेट भंगारात गेली नव्हती. पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आधी कॅसेट, मग यंत्र

पहिले काम निवडीचे. विकत घेतलेल्या अभंगांच्या, दासवाणीच्या, नाट्यगीतांच्या कॅसेट्स बाजूला ठेवा. त्यांतले बहुतेक आज दुसरीकडे ऐकायला मिळते. घरातले आवाज मात्र जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. बारसे, मुंज, डोहाळजेवण, आजोबांचे कीर्तन, परगावाहून आलेले बोलके पत्र या कॅसेट्स आधी घ्या.

मग कॅसेटची पाठची कड पाहा. तिथे प्लास्टिकचे दोन छोटे चौकोनी तुकडे असतात. ते मोडून टाकले की चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी जुना आवाज पुसला जात नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट लावू नका, कारण तीच बुरशी यंत्राला लागून दुसऱ्या कॅसेटवर जाते. अशा कॅसेट्स वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराला दाखवाव्यात. चांगली कॅसेटही वर्षानुवर्षे पडून असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून मगच ऐका.

यंत्राचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावे. ते औषधाच्या दुकानात मिळते. एवढे करूनही आवाज तोंडावर उशी धरल्यासारखा येत असेल तर हेड किंचित तिरके झालेले असू शकते. त्याच्या शेजारचा छोटा स्क्रू फिरवून ते सरळ करता येते, पण सवय नसेल तर हे काम रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्यावे. इथे हरवलेला आवाज पुढे कोणतेच सॉफ्टवेअर परत आणत नाही.

आमच्या कॅसेटमधला, फितीला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा इवलासा तुकडा गळून पडला होता. खडेबाजारातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने पाच स्क्रू काढून फीत दुसऱ्या कवचात बसवून दिली. माझा जीव मात्र तेवढा वेळ टांगणीला लागला होता.

आता वायर. आजच्या बहुतेक लॅपटॉपला एकच गोल छिद्र असते. ते मोबाइलच्या हेडफोनसाठी असते आणि त्यातून आत जाणारा आवाज फक्त माइकचा, एकाच वाटेचा. म्हणून 'लाइन-इन' असलेले छोटे यूएसबी साउंड कार्ड घ्या. विकत घेताना 'माइक-इन' नव्हे, 'लाइन-इन' आहे ना, हे नीट विचारा. आणि टेप मोठ्याने लावून समोर मोबाइल धरून रेकॉर्ड करू नका. मग कॅसेटीत आजचा पंखा आणि बाहेरची रिक्षाही जमा होते!

कोणते घ्यावे?

सॉफ्टवेअर निवडताना मी चार प्रश्न विचारले. मूळ आवाज जसाच्या तसा जपता येतो का? आवाजाची पातळी डोळ्यांना दिसते का? सांगितल्याशिवाय आवाजाला हात लावत नाही ना? आणि उद्या हे सॉफ्टवेअर राहिले नाही, तरी माझी फाइल उघडेल ना?

या चारही प्रश्नांना उतरले ते ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी ते सुरू केले आणि २००० साली सर्वांसाठी खुले केले. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालते. फक्त त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवून घ्यावे. दिसायला ते जरा कॉकपिटसारखे आहे, पण आपल्याला लागणारी बटणे मोजून पाच-सहा. तेवढेही नको असेल तर ओशनऑडिओ हे मोफत आणि सुटसुटीत आहे. मॅकवाल्यांना गॅरेजबँड मोफतच मिळते. व्यावसायिक लोक वापरतात ते अ‍ॅडोबी ऑडिशन म्हणजे पूर्वीचे कूल एडिट. उत्तम आहे, पण त्याला वर्गणी भरत राहावी लागते. ट्रंकभर कॅसेट्ससाठी एवढा खर्च करण्याचे कारण मला दिसले नाही.

ऑडॅसिटीत मी ४८,००० हर्ट्झ आणि २४ बिट ठेवले. पातळी दाखवणारी पट्टी मोठ्यात मोठ्या आवाजालाही उणे ६ डेसिबलच्या अलीकडे राहील इतपत आवाज ठेवावा. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'एन्हान्समेंट' चालू असेल तर तेही बंद करावे. 'हम्म' असा आवाज येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. आमचा हम्म तेवढ्यानेच गेला.

एक लक्षात ठेवा. ऑडॅसिटी स्वतःची जी प्रोजेक्ट फाइल करते, तिच्यावर विसंबू नये. एक्सपोर्ट करून वेव्ह फाइल काढावी, ती कुठेही उघडते. या मापाने एक तासाची वेव्ह फाइल साधारण एक जीबीची होते. म्हणजे तासाभराच्या तीस कॅसेट्स ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये आरामात मावतात. जागा वाचवायची असेल तर फ्लॅक हा प्रकार वापरा. त्यात फाइल लहान होते आणि आवाजातले काहीही टाकले जात नाही.

ही झाली मूळ प्रत. तिला पुन्हा हात लावायचा नाही. तिची नक्कल काढून हवी ती सफाई करा, एमपीथ्री करा, ग्रुपवर पाठवा. नॉइज रिडक्शन वापरताना जिथे नुसतीच खरखर आहे, असा सुरुवातीचा एखादा सेकंद नमुना म्हणून निवडा आणि प्रमाण कमी ठेवा. थोडी खरखर राहिली तर राहू द्या. कोळशाबरोबर सोने जायला नको.

तासाला एक तास

कॅसेट उतरवायला आडवाट नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे लागतातच. सुरुवातीला मला हा वेळ फुकट जातो असे वाटे. मग मी आईला शेजारी बसवून घेऊ लागले.

आईचे माहेर गोकाककडचे, घरात कन्नड. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी येत नव्हते आणि आज्जीला बाजारापुरते कन्नड. आम्ही ऐकत होतो. आता जाते स्वच्छ ऐकू येत होते, मध्येच त्याचा खुंटा कुरकुरत होता. दुसरी ओवी संपली आणि जाते थांबले. आज्जी अगदी हळू म्हणाली, "साकव्वा, साकु." पुरे गं बाई, पुरे.

माझ्या साफ केलेल्या फाइलमध्ये हे शब्द नव्हतेच. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्या हाताला फोड आला होता. चार बायकांत मराठीत म्हटलं असतं तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. म्हणून त्या माझ्या भाषेत बोलल्या."

आत्याच्या लग्नाची कॅसेट म्हणून ठेवलेल्या त्या फितीत सासू-सुनेची ही गोष्ट इतकी वर्षे पडून होती. ती कळायला दोन्ही भाषा जाणणारे आणि त्या दिवशी तिथे असलेले माणूस शेजारी लागले.

म्हणून वाचकहो, ऐकताना वही जवळ ठेवा. ऑडॅसिटीत 'लेबल'ची सोय आहे. कोण बोलले, कोणत्या भाषेत बोलले, त्याचा अर्थ काय, हे त्या त्या जागी मराठीत लिहिता येते. आणि हीच माहिती एका साध्या मजकुराच्या फाइलमध्येही उतरवून आवाजाशेजारी ठेवावी. कन्नड शब्दांचा अर्थ मराठीत आणि मराठीचा कन्नडमध्ये लिहा. आपल्या घरातली पुण्याची नातवंडे एक भाषा विसरतात, बेंगळुरूची दुसरी. फाइलच्या नावात वर्ष आणि प्रसंग असावा. 'ट्रॅक १' असे नाव चार महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही. प्रती तीन ठेवाव्यात. एक संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे.

आमच्या एकतीसपैकी बावीस झाल्या आहेत. उरलेल्या नऊंपैकी दोनांवर बुरशी आहे, त्या पिशवीत वाट पाहत आहेत. उतरवून झालेली एकही आम्ही टाकलेली नाही. आता गल्लीत भंगारवाल्याची हाक आली की आई आधी ट्रंकेची कडी लागली आहे ना, ते पाहते.