‘लिमिटेड’ या शब्दाचा अर्थ

वर्धा-हिंगणघाटकडच्या कापूसबाजारातून फिरताना पाट्यांवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ ही अक्षरे वारंवार दिसतात. ती वाचून सामान्य माणसाला वाटते, पेढी मोठी दिसते, उधार द्यायला हरकत नाही. वस्तुतः ‘लिमिटेड’ हा शब्द भरवशाचा नसून इशाऱ्याचा आहे.

येथे मर्यादित काय असते? व्यवसाय नव्हे, नफाही नव्हे. मर्यादित असते ती भागधारकांची जबाबदारी. समजा, चार भागीदारांनी सरकीचा व्यापार केला आणि तो बुडाला. भागीदारीत देणेकऱ्याच्या राहत्या घरापर्यंत सावकाराचा हात पोहोचतो. कंपनीचे तसे नाही. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती होय. कर्ज तिचे, मालमत्ताही तिची. ज्याने दहा हजारांचे भाग घेऊन पूर्ण रक्कम भरली, त्याचे जास्तीत जास्त तेवढेच बुडते. मात्र त्याने व्यक्तिशः जामीनकी दिली असेल किंवा लबाडी केली असेल, तर हे कवच उपयोगी पडत नाही.

मग कायद्याने ही सवलत दिली तरी कशासाठी? उदाहरण जवळचेच आहे. हिंदुस्थानात मर्यादित जबाबदारीचे तत्त्व १८५७ च्या कायद्याने आले. पुढे १८७४ मध्ये जमशेटजी टाटांनी पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली व १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. आपल्या भागातला कापूस जवळ, म्हणून गिरणीही येथे. घरदार जाण्याची भीती असती, तर अशा उद्योगात लहान भागधारकांनी पैसा घातला असता काय? विखुरलेले भांडवल एकत्र यावे, हाच या सवलतीचा हेतू. पण तिच्या बदल्यात कायदा एक अट घालतो: व्यवहार उघडा ठेवा.

ही अट कंपनीच्या जन्मापासूनच लागू होते. खाजगी कंपनीला निदान दोन सभासद व दोन संचालक लागतात. प्रथम नाव मंजूर करून घ्यावे लागते. मग उद्देशांचे घटनापत्र, अंतर्गत नियमावली आणि कचेरीचा पत्ता दाखल केला, की नोंदणीचा दाखला मिळतो. त्यानंतर दरवर्षी हिशेब व वार्षिक विवरण सादर करावे लागते.

नोंद कोठे पाहायची, याविषयी बराच घोटाळा असतो. भागीदारी पेढीची व सहकारी संस्थेची नोंद राज्याच्या निबंधकाकडे होते. कंपनीची मात्र केंद्र सरकारच्या कायद्याखाली, कंपनी निबंधकाकडे. प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षरांचा व अंकांचा ओळखक्रमांक मिळतो. त्यात राज्याची खूण व स्थापनेचे साल असते आणि तो बिलावर छापणे बंधनकारक आहे. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक किंवा नाव घालून शोध घेतला, की कंपनी चालू आहे, सुप्त आहे, दिवाळखोरीत आहे की नोंदवहीतून तिचे नाव खोडले गेले आहे, हे कळते. शेवटचा ताळेबंद कधी दिला आणि मालमत्तेवर कोणाचे तारण आहे, तेही तेथे पाहावे. मूळ कागद फी भरून पाहता येतात.

‘चालू’ हा शेरा म्हणजे पतीचा दाखला नव्हे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. नोंद आहे म्हणून तिजोरीत पैसा आहे, असे होत नाही. भागभांडवल लाखाचे, यंत्रसामग्री बँकेकडे तारण आणि मागणी वीस लाखांच्या उधारीची, असा मेळ दिसला, तर संचालकाची लेखी जामीनकी मागण्यात संकोच कसला?

हीच दृष्टी शेतकऱ्यांनी आपल्या घरच्या कंपनीकडेही वळवावी. २००३ पासून दहा उत्पादक एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढू शकतात. दाखला मिळाला, फोटो निघाले आणि विवरणे विसरली, असे झाले तर? सलग तीन वर्षे ती दाखल केली नाहीत, तर संचालक पाच वर्षे अपात्र ठरतात. म्हणून प्रत्येक सभासदाने वर्षातून एकदा तरी आपल्या कंपनीची नोंद पाहावी. कायद्याने नोंदवही उघडी ठेवली आहे. ती वाचण्याचे काम आपले.