चिंचोके थोडे, जोडी भारी

पत्त्यांचा कॅट नाही असे घर कोल्हापूर परिसरात शोधूनच काढावे लागेल. मेंढीकोट, बदाम-सात, पाच-तीन-दोन हे डाव उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण सर्वांनीच खेळलेले असतात. वरच्या वर्गातील मुलांच्या तोंडी मात्र आणखी एक नाव ऐकू येते, ते म्हणजे पोकर. मोबाइलवरील जाहिरातींनी ते घरोघर पोहोचवले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. पण कायद्याने खेळ थांबला तरी मनातला समज जात नाही. 'भारी पाने आली की जिंकलोच' हा तो समज. तो कितपत खरा आहे हे गणिताने तपासता येते. त्यासाठी पैसे नकोत. एक कॅट आणि मूठभर चिंचोके पुरेत.

खेळ कसा असतो?

पोकरच्या सर्वाधिक प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. नंतर पाच पाने सर्वांसाठी मध्ये उघडली जातात: आधी तीन, मग एक, मग एक. आपली दोन आणि मधली पाच, अशा सात पानांतून ज्याची पाच पाने सर्वांत वरचढ तो जिंकतो. हातातली दोन्ही पाने सारखी, म्हणजे दोन राजे किंवा दोन दश्शा असल्या, तर ती 'जोडी'.

स्पर्धेत प्रत्येकाला ठरावीक चकत्या मिळतात. त्या संपल्या की खेळाडू बाद. बक्षीस चकत्यांवर नव्हे, तर क्रमांकावर मिळते. कोणी नुसते बसून राहू नये म्हणून दर डावात दोघांना पाने पाहण्याआधीच सक्तीची बोली लावावी लागते, एकाला लहान आणि दुसऱ्याला मोठी. हा मान पाळीपाळीने सर्वांकडे फिरतो आणि स्पर्धा पुढे सरकते तशी ही सक्तीची रक्कम वाढत जाते.

आपण चकत्यांऐवजी चिंचोके घेऊ. टेबलाभोवती नऊ जण आहेत. सक्तीची बोली एक आणि दोन चिंचोक्यांची आहे. आपल्यापाशी उरले आहेत फक्त वीस. आता काय करावे?

वाट पाहण्याची किंमत

पहिला विचार मनात येतो तो असा, की चांगली जोडी येईपर्यंत गप्प बसावे. अशी जोडी किती वेळा येते ते पाहू. ५२ पानांतून दोन पाने निवडण्याच्या रीती ५२ × ५१ ÷ २ = १३२६. (सहा रसांची किती मिश्रणे होतील, असे निवडीचे गणित भास्कराचार्यांनी लीलावतीत घातले आहे. रीत तीच.) चार एक्क्यांतून दोन निवडण्याच्या रीती सहा. म्हणून एक्क्यांची जोडी सरासरीने २२१ डावांत एकदा येते. दश्शापासून एक्क्यापर्यंतच्या पाच जोड्या भारी मानल्या तर रीती ३० होतात, म्हणजे साधारण ४४ डावांत एकदा.

नऊ डावांच्या एका फेरीत आपले तीन चिंचोके जातात. वीस चिंचोके साठ डाव पुरतील. साठ डावांत एक्क्यांची जोडी निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २४ टक्के आहे. कोणतीही भारी जोडी येण्याची शक्यता ७५ टक्के आहे. सक्तीची बोली दुप्पट झाली तर आपल्याला तीसच डाव मिळतील आणि ही ७५ टक्के शक्यता ५० वर येईल.

शिवाय जोडी उशिरा आली तर तिचे फळही कमी. वीस असताना दुप्पट झाले तर चाळीस होतात. तीन फेऱ्या वाट पाहून अकरा उरल्यावर दुप्पट झाले तर बावीसच. म्हणजे एवढ्या पळापळीनंतर आपण जवळजवळ होतो तिथेच. थोडे चिंचोके असणाऱ्यापुढे 'धोका की सुरक्षितता' अशी निवड नसतेच. एका बाजूला धोका, दुसऱ्या बाजूला हळूहळू पण नक्की होणारी झीज, अशी ती निवड असते.

जोडी आली, आता?

जाणते खेळाडू अशा वेळी मधली पाने उघडण्यापूर्वीच सर्व चिंचोके पुढे सारतात. याचे कारण दश्शांच्या जोडीवरून समजते. पहिल्या तीन पानांत गुलाम, राणी, राजा किंवा एक्का यांपैकी निदान एक येण्याची शक्यता जवळजवळ ७० टक्के आहे. गुलामांच्या जोडीला वरचे पान दिसण्याची शक्यता ५७ टक्के, राण्यांच्या जोडीला ४१ टक्के आणि राजांच्या जोडीला २३ टक्के. वरचे पान दिसले की शंका सुरू होते. सहा चिंचोके लावून झाले आहेत, चौदा उरले आहेत. सोडून द्यावे तर तिसरा हिस्सा गेला, चालू ठेवावे तर उरलेले सर्व लावावेच लागणार. तेव्हा निर्णय आधीच घेतलेला बरा. लाल मातीतल्या निकाली कुस्तीत कमी दमाचा पैलवान कुस्ती लांबवत नाही. पकड चांगली बसली की तो डाव टाकतो. हे तसेच आहे.

पण भारी जोडी म्हणजे विमा नव्हे. एक्क्यांची जोडी कोणत्याही एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. दोघे असतील तर ७३ टक्के, तिघे असतील तर ६४, चौघे असतील तर ५६ आणि पाच जण असतील तर ४९. सर्वांत भारी जोडी हाती असूनही सहा जणांच्या झुंजीत आपण बाद होण्याची शक्यता टिकण्यापेक्षा थोडी अधिकच असते.

एका जोडीसमोर तिच्याहून लहान जोडी असेल तर मोठी जोडी साधारण ८० टक्के वेळा जिंकते. हे आकडे दिलासा देणारे वाटतात. पण वर चढायचे तर अशा झुंजी लागोपाठ जिंकाव्या लागतात. दोन जिंकण्याची शक्यता ६४ टक्के, तीन ५१, चार ४१ आणि पाच ३३. प्रत्येक वेळी बाजू आपलीच वरचढ असूनही तिघांपैकी दोघे पाचव्या विजयापर्यंत पोहोचत नाहीत.

दुप्पट म्हणजे दुप्पट नव्हे

आता स्पर्धेच्या शेवटाकडे जाऊ. समजा तिघे उरले, सर्वांकडे सारखे चिंचोके आणि बक्षिसे ५०, ३० व २० गुणांची. सर्व सारखेच कुशल असतील तर प्रत्येकाचे सरासरी मोल १०० ÷ ३ = ३३.३ गुण. आपण सर्व लावले आणि एकाला बाद केले, तर आपल्याकडे दोन-तृतीयांश चिंचोके आले. आता आपले मोल (२/३ × ५०) + (१/३ × ३०) = ४३.३. हरलो तर २०. चिंचोके दुप्पट झाले, मोल मात्र दहानेच वाढले. उलट हरण्यात १३.३ गेले. हिशेब मांडला तर अशी झुंज परवडण्यासाठी जिंकण्याची शक्यता निदान ५७ टक्के हवी. राण्यांची जोडी विरुद्ध एक्का-राजा या झुंजीत राण्या सुमारे ५५-५६ टक्के वेळा जिंकतात. समोर एक्का-राजा आहे हे ठाऊक असते, तर इथे राण्याही सोडून देणे शहाणपणाचे ठरले असते! वीस चिंचोके उरले असताना जी जोडी बिनदिक्कत लावावी, तीच इथे लावू नये. पान तेच, परिस्थिती वेगळी.

'हरल्यावर काय उरते' हा प्रश्न संभाव्यतेच्या गणिताइतकाच जुना आहे. पास्काल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार १६५४ सालचा. १६५७ साली प्रसिद्ध झालेल्या हायगेन्सच्या पुस्तिकेत खेळाडू नागवला जाण्याचे कोडे आहे. त्याचा एक निष्कर्ष मुलांना जरूर सांगावा. दोघांचा खेळ अगदी समसमान आहे, एकाकडे २० चिंचोके आणि दुसऱ्याकडे ९८०. दर डावाला एक चिंचोका लावून कोणी एक संपेपर्यंत खेळले, तर लहान पिशवीवाला जिंकण्याची शक्यता २०/१०००, म्हणजे फक्त दोन टक्के. कुठेही लबाडी नसताना ही स्थिती आहे. जिथे खेळवणारा दर डावाला आपला वाटा कापून घेतो, तिथे काय होत असेल याचा विचार मुलांनीच करावा.

वर्गात करून पाहा

दोन-दोन मुलांच्या पंधरा जोड्या करा. एकाला दोन एक्के द्या. उरलेली ५० पाने पिसून दुसऱ्याला दोन द्या आणि मध्ये पाच उघडा. चढता क्रम फळ्यावर लिहा: जोडी, दोन जोड्या, सारखी तीन, सलग पाच, एकाच रंगाची पाच, तीन-दोन, सारखी चार आणि एकाच रंगाची सलग पाच. प्रत्येक गटाने वीस डाव करून निकाल नोंदवावा. तीनशे डावांत एक्केवाले साधारण २४० ते २७० वेळा जिंकलेले दिसतील. एखाद्या गटात मात्र वीसपैकी पाच-सहा वेळा एक्के हरलेले असतील. त्या गटातील मुलांना विचारा: तुमच्याकडे एकदाच लावण्यापुरते चिंचोके असते आणि ते नेमके त्या डावात लावले असते तर?