डोळे मिटल्यावर काय दिसते?

नववीच्या वर्गात मी निबंधलेखन शिकवत होतो. फळ्यावर विषय लिहिला होता : 'ईदची सकाळ'. मुलांना लिहिणे सोपे जावे म्हणून मी म्हणालो, "सर्वांनी डोळे मिटा. ईदची सकाळ डोळ्यांसमोर आणा. काय काय दिसते ते एकेकाने सांगा."

क्षणभर वर्ग शांत झाला. मग हात वर होऊ लागले. एकाला ईदगाहमध्ये बसलेल्या लोकांच्या पांढऱ्या टोप्यांच्या रांगा दिसल्या. दुसऱ्याला अम्मीच्या हातातील शीरखुर्म्याची वाटी दिसली. त्या वाटीत वर तरंगणारे बदामाचे काप कसे होते, तेही त्याने सांगितले. तिसऱ्याला धाकट्या बहिणीच्या हातावरची मेंदी दिसली. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र गप्प होता. मी त्याला उभे केले. तो म्हणाला, "सर, मला काहीच दिसत नाही. नुसता अंधार आहे."

सगळा वर्ग हसला. मला वाटले, हा थट्टा करत आहे. "नीट प्रयत्न कर," मी म्हणालो. त्याने पुन्हा डोळे घट्ट मिटले. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "सर, ईदला काय काय होते ते मला सगळे माहीत आहे. आम्ही अब्बांबरोबर नमाजला जातो, घरी येऊन शीरखुर्मा पितो, मग चाचांकडे जातो. पण दिसत काही नाही."

मी त्याला रागावलो आणि तास संपेपर्यंत उभे राहायला सांगितले.

तो मुलगा खरे बोलत होता. चूक माझी होती. ती कशी, हे मला पुढे काही दिवसांनी वाचनातून कळले. तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

आधी आपली भाषा पाहू या. मराठीत आपण म्हणतो, "गावाचे चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले." मनाच्या या डोळ्याला मराठीत 'मनश्चक्षू' असा शब्दही आहे. उर्दूत आपण 'तसव्वुर' म्हणतो. 'तसव्वुर', 'सूरत' आणि 'तसवीर' हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून झाले आहेत. मराठीतील 'तसबीर' हा शब्दही त्याच घराण्यातला आहे. म्हणजे, मनात विचार आणणे आणि मनात चित्र काढणे या दोन्ही गोष्टी आपल्या भाषांनी जवळजवळ एकच मानल्या आहेत.

विद्वानांनीही तसेच मानले. इब्न सिना (इ. स. ९८० ते १०३७) हे थोर वैद्य आणि तत्त्ववेत्ते होते. 'अश्-शिफा' या ग्रंथात त्यांनी माणसाच्या अंतरंगातील शक्तींचे वर्णन केले आहे. वस्तू डोळ्यांपुढून गेली तरी तिचे रूप मनात जपून ठेवणारी एक शक्ती असते, असे ते सांगतात. अनुभवही साधारण तसाच आहे. म्हणून ही शक्ती सर्वांमध्ये सारखीच असेल, असे लोक धरून चालले. ती खरोखर सारखी आहे का, हे मोजून पाहण्याचा मोठा प्रयत्न मात्र एकोणिसाव्या शतकात झाला.

इंग्लंडमधील फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० साली याविषयी एक लेख प्रसिद्ध केला. त्यांनी अनेक लोकांना एक साधी प्रश्नावली दिली होती. आज सकाळी तुम्ही ज्या टेबलावर न्याहारी केली ते टेबल आठवा. त्याचे चित्र मनात अंधुक दिसते की स्पष्ट? सर्व वस्तू एकाच वेळी दिसतात का? त्यांचे रंग कळतात का? असे ते प्रश्न होते.

गॉल्टन यांनी प्रथम आपल्या ओळखीच्या शास्त्रज्ञांना विचारले. त्यांतील बऱ्याच जणांनी उत्तर दिले की, मनात चित्र दिसणे म्हणजे काय हेच आम्हांला ठाऊक नाही. 'मनाचा डोळा' ही केवळ बोलण्याची एक रीत आहे, असे त्यांना वाटत होते. गॉल्टन चकित झाले. मग त्यांनी इतर लोकांना विचारले. तेथे अनेकांनी अगदी उलट सांगितले. आम्हांला चित्र स्पष्ट दिसते, रंगांसकट दिसते, असे ते म्हणाले. काहींना ते प्रत्यक्ष पाहिल्यासारखेच दिसत होते. एकाच प्रश्नाची इतकी वेगवेगळी उत्तरे आली आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना आपलाच अनुभव सर्वांचा अनुभव वाटत होता!

आता तुम्ही स्वतः करून पाहा. डोळे मिटा आणि आपल्या शाळेचे फाटक आठवा. त्याचा रंग दिसतो का? त्याच्या बाजूला काय आहे? ते चित्र फोटोसारखे स्पष्ट आहे, धुक्यातल्यासारखे पुसट आहे, की चित्रच नाही आणि फाटक तेथे आहे एवढे फक्त ठाऊक आहे? यांपैकी कोणतेही उत्तर चूक नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांनी १९७३ साली असाच सोळा प्रश्नांचा एक संच तयार केला. त्यात प्रत्येक चित्राच्या स्पष्टपणाला एक ते पाच असे गुण द्यायचे असतात. हा संच पुढे अनेक देशांतील संशोधकांनी वापरला.

उंचीच्या बाबतीत आपण पाहतो की, थोडी माणसे फार उंच असतात, थोडी फार ठेंगणी असतात आणि बहुतेक मधली असतात. मनातील चित्रांचेही तसेच आहे. बहुतेकांना चित्र कमीअधिक स्पष्ट दिसते. शंभरात सुमारे एकाला मात्र काहीच दिसत नाही. अगदी पुसट दिसणारेही त्यात धरले, तर शंभरात सुमारे चार जण होतात. दुसऱ्या टोकाला काही थोड्या लोकांना चित्रे प्रत्यक्षासारखी ठळक दिसतात.

मनात चित्र न दिसण्याला नाव मिळाले ते २०१५ साली. त्यामागे एक घटना आहे. ब्रिटनमधील एका पासष्ट वर्षांच्या गृहस्थाच्या हृदयावर उपचार झाले. त्यानंतर त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला मनात कोणतेच चित्र दिसेनासे झाले आहे. पूर्वी त्यांना आप्तांचे चेहरे आणि पाहिलेली ठिकाणे सहज दिसत. मेंदूचे डॉक्टर अ‍ॅडम झेमन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांची तपासणी करून २०१० साली तिची माहिती प्रसिद्ध केली. हे गृहस्थ हुशारीच्या चाचण्यांत मुळीच मागे नव्हते. गवताचा हिरवा रंग अधिक फिका की पाईन वृक्षाचा, असे विचारले तर ते बरोबर उत्तर देत. मात्र "मी पाहून सांगत नाही, मला ते ठाऊक आहे," असा त्यांचा खुलासा असे. मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हाही फरक दिसला. समोर चेहरे दाखवले असता त्यांच्या मेंदूचे काम इतरांसारखेच चाले. चेहरे आठवायला सांगितले की, पाहण्याशी संबंध असलेले भाग इतरांइतके जागे होत नसत.

ही हकीकत वाचून काही लोकांनी डॉक्टरांना कळवले, "आम्ही तर जन्मापासूनच असे आहोत!" अशा एकवीस जणांची माहिती झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केली आणि या स्थितीला 'अ‍ॅफॅन्टेशिया' हे नाव दिले. 'फॅन्टेशिया' या ग्रीक शब्दाचा अर्थ मनातील प्रतिमा किंवा कल्पना. 'अशक्य', 'अपूर्ण' या शब्दांत नकार दाखवणारा 'अ' असतो, तसाच तो येथेही आहे. अ‍ॅफॅन्टेशिया हा रोग नाही. तो माणसामाणसांतील एक फरक आहे. असे अनेक लोक झोपेत स्वप्ने मात्र पाहतात, हे विशेष.

तुम्ही विचाराल, एखाद्याला मनात काय दिसते हे दुसऱ्याने कसे ओळखायचे? तो खोटे बोलत असेल तर? किंवा त्याने प्रयत्नच केला नसेल तर? माझ्याही मनात त्या दिवशी हीच शंका होती. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील संशोधकांनी तिचे उत्तर शोधले. उजेडात आपल्या डोळ्याची बाहुली लहान होते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. ज्यांना मनात चित्र दिसते, त्यांनी नुसता तेजस्वी आकार मनात आणला तरी त्यांची बाहुली किंचित लहान होते. बाहुली लहान-मोठी करणे आपल्या हाती नसते. त्यामुळे येथे खोटेपणाला जागा उरत नाही. अ‍ॅफॅन्टेशिया असलेल्या लोकांच्या बाहुल्या खऱ्या उजेडात लहान झाल्या. तेजस्वी आकाराची नुसती कल्पना करताना मात्र त्यांच्यात तसा फरक पडला नाही.

या प्रयोगातील आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मन कष्ट घेत असले की, बाहुली थोडी मोठी होते. या लोकांना एकाऐवजी चार आकार मनात आणायला सांगितले, तेव्हा त्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. म्हणजे ते मनापासून प्रयत्न करत होते. चित्र तेवढे उमटत नव्हते. हा प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला डोळे घट्ट मिटून उभा असलेला माझा विद्यार्थी आठवला आणि माझी मान खाली गेली.

चित्र दिसत नाही म्हणजे आठवत नाही, असेही नाही. २०२१ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी लोकांना खोल्यांची छायाचित्रे दाखवली आणि नंतर ती आठवून काढायला सांगितली. अ‍ॅफॅन्टेशिया असलेल्यांनी कमी वस्तू काढल्या आणि रंगही कमी वापरले. परंतु कोणती वस्तू कोठे आहे आणि केवढी आहे, हे त्यांनी इतरांइतकेच बरोबर दाखवले. इतकेच नव्हे, तर मुळात नसलेल्या वस्तू चित्रात घालण्याच्या चुका त्यांच्या हातून कमी झाल्या.

अशा माणसाला कलावंत होता येत नाही, असे कोणी म्हटले तर त्याला एड कॅटमल यांचे उदाहरण द्यावे. १९९५ साली 'टॉय स्टोरी' हा पूर्ण लांबीचा पहिला संगणक-चित्रपट निघाला. तो काढणाऱ्या 'पिक्सार' या संस्थेचे कॅटमल हे एक संस्थापक. त्यांना मनात चित्र दिसत नाही. 'द लिटिल मर्मेड' या १९८९ सालच्या चित्रपटातील जलपरी एरियल हिला कागदावर साकार करणारे चित्रकार ग्लेन कीन यांनाही ते दिसत नाही. मनात चित्र नसले तरी ते हाताने कागदावर आणता येते!

उलट, चित्र फार स्पष्ट दिसणे हे नेहमी सुखाचेच असते असे नाही. थोर संशोधक निकोला टेस्ला यांनी १९१९ साली आपल्या आठवणी लिहिल्या. नवे यंत्र ते आधी मनातच उभे करत आणि मनातच चालवून पाहत. लहानपणी मात्र नुसता शब्द ऐकला तरी ती वस्तू त्यांच्यासमोर इतकी ठळक उभी राही की, ती खरी आहे की भास आहे हे त्यांना कळत नसे. त्याचा त्यांना फार त्रास होई.

एक गोष्ट थोडी नाजूक आहे. मनात चित्र न दिसणाऱ्या काही लोकांना, आपल्या दिवंगत आप्तांचा चेहरा आपल्याला आठवून पाहता येत नाही, याचे दुःख होते. 'आजीवर माझे प्रेम कमी होते का?' असा प्रश्न त्यांना पडतो. तसे मुळीच नाही. आजीने काय शिकवले, ती कोणत्या नावाने हाक मारी, तिच्या हातची भाकरी कशी असे, हे सर्व त्यांच्याजवळ असतेच. प्रेम काही चित्रातच राहत नाही.

आता अभ्यासाविषयी थोडेसे. भूमितीची आकृती मनात दिसत नसेल तर ती कागदावर काढा. नकाशा डोळ्यांसमोर येत नसेल तर तो हाताने गिरवा आणि कोणत्या गावानंतर कोणते गाव येते हे क्रमाने लक्षात ठेवा. धडा वाचताना चित्र दिसत नसेल तर माणसे काय बोलली, काय केले आणि का केले, हे पाहा. ज्यांना चित्र स्पष्ट दिसते त्यांनीही ते कागदावर पडताळून पाहावे. मनातील चित्र स्पष्ट असले तरी ते बरोबर असतेच असे नाही.

शेवटी त्या मुलाकडे वळतो. हे सर्व कळल्यावर मी वर्गात सर्वांसमोर त्याला म्हणालो, "त्या दिवशी तू खरे सांगितलेस आणि मी तुला शिक्षा केली. माझे चुकले." तो काही बोलला नाही, फक्त हसला. मग मी त्याला म्हणालो, "ईदची सकाळ तुला जशी ठाऊक आहे, तशी लिही." त्याने लिहिले. त्याच्या निबंधात रंग नव्हते. पहाटेची तकबीर होती, अत्तराचा वास होता, नव्या कपड्याची मानेला टोचणारी शिलाई होती आणि गळाभेट घेताना अब्बांची दाढी गालाला कशी लागते तेही होते. तो निबंध मी वर्गात वाचून दाखवला. या वेळी कोणी हसले नाही.

माणसाचा चेहरा आपल्याला दिसतो, मन दिसत नाही. ते कसे आहे, हे फक्त तोच सांगू शकतो. म्हणून आज मधल्या सुट्टीत आपल्या शेजारच्या मित्राला विचारा, "डोळे मिटल्यावर तुला काय दिसते?" त्याचे उत्तर तुमच्या उत्तरापेक्षा वेगळे आले, तर हसू नका. त्याच्यावर विश्वास ठेवा आणि पुढचा प्रश्न विचारा.