घामाची पत

कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही बँकवाले पहिला प्रश्न विचारायचो, ‘उत्पन्न किती?’ दुसरा, ‘जामीनदार कोण?’ 1 मे 2022 रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात ‘जिव्हाळा’ योजना सुरू झाली, तेव्हा हा दुसरा प्रश्न गळला. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना तारण-जामिनाशिवाय, 7 टक्के व्याजाने, 50 हजार रुपयांपर्यंत कर्ज देऊ केले. परतफेड तुरुंगातल्या मजुरीतून.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मन खिन्न करते. 2023 मध्ये राज्याने मजुरी वाढवली, ती कुशल कैद्याला रोज 74 रुपये आणि अकुशलाला 53. जुन्या सवयीने मी कागद-पेन्सिल घेतली. व्याज सोडा, सगळी मजुरी कर्जाकडे वळवली तरी त्या दराने 50 हजारांचे नुसते मुद्दल फेडायला कुशल कारागिराचे 676 दिवस जातात!

सक्तमजुरी ही शिक्षा आहे, काम टाळता येत नाही, हे खरे. पण फुकट राबवून घेणे त्या शिक्षेत बसत नाही. कैद्याला न्याय्य मोबदला द्या, त्यातून जेवणखर्च वजा करा, काही हिस्सा गुन्ह्याची झळ पोचलेल्यांसाठी ठेवा, अशी दिशा सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच दाखवली.

‘गुन्हेगारांचे कसले लाड?’ असे कुणी म्हणेल. पण त्याच्या मुलांनी काय गुन्हा केला? आणि ज्याचे घर त्याने उद्ध्वस्त केले, त्या घराला भरपाई कुठून मिळणार? बँकेने कैद्याची मजुरी उत्पन्न म्हणून धरली. आता सरकारने ती उत्पन्न म्हणण्याजोगी करावी.