सांडपाण्याची दुसरी फेरी

नवी मुंबई पिण्याचे पाणी खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून आणते. घराघरांत वापरून झालेले हे पाणी मलवाहिन्यांतून शुद्धीकरण केंद्रांत पोहोचते आणि तिथून त्याची दुसरी फेरी सुरू होते.

महापालिकेच्या केंद्रांत सी-टेक हे तंत्र वापरले जाते. यात एकाच टाकीत आळीपाळीने कामे चालतात. आधी सांडपाणी भरत असतानाच तळातून हवा सोडतात, म्हणजे जिवाणूंना प्राणवायू मिळून ते पाण्यातील सेंद्रिय मळ खातात. मग हवा बंद करतात, गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ पाणी काढून घेतात. थोडा गाळ टाकीतच ठेवतात, कारण पुढच्या खेपेचे जिवाणू त्यातच असतात.

कोपरखैरणे आणि ऐरोली येथे या पाण्यावर आणखी एक प्रक्रिया होते. अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून ते गाळले जाते आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक केले जाते. दोन्ही ठिकाणची क्षमता प्रत्येकी दररोज २ कोटी लिटर आहे. हे पाणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांसाठी आहे. कारखान्यांनी ते जितके घ्यावे, तितके पिण्याचे पाणी वाचते. वापरलेले फेकून न देता पुन्हा वापरात आणणे, या चक्रीय अर्थव्यवस्थेचे याहून स्पष्ट उदाहरण शहरात क्वचितच सापडेल.

मात्र ही फेरी टाकीतल्या जिवाणूंवर चालते आणि त्यांना तेल, रंग आणि जंतुनाशके सोसत नाहीत. हे शाळेतच शिकवायला हवे, आणि शुद्धीकरण केंद्राची सहल त्यासाठी उत्तम. तोवर मोठ्यांनी एवढे तरी करावे: तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये.