परसातली फुलं, पठारावरची फुलं : भाग ५ – कासची उपाशी माती

गेल्या आठवड्यात आपण सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या परसबागा पाहिल्या. तिथली काळी माती खोल आणि कसदार. शेणखत घाला, वेळेवर पाणी द्या, मोगरा-कुंद-जास्वंद तुम्हाला निराश करत नाहीत. आज साताऱ्याच्या पश्चिमेला, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या कास पठारावर जाऊ. परसबागेत आपण जे जे प्रेमानं करतो, त्यातलं बरंचसं इथे केलं तर इथली फुलं संपतील. या भागात सांगायचं आहे ते एवढंच, पण ते नीट समजून घ्यायला हवं.

पठाराची उंची सुमारे १२०० मीटर. खाली काळा कातळ, त्यावर जांभा आणि जांभ्यावर माती. ही माती कुठे वीतभर, कुठे बोटभर, आणि कित्येक ठिकाणी उघडा खडकच. जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो की मातीत जो काही नत्राचा अंश असेल तो धुऊन निघतो. सड्यावरच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. दिवाळी सरली की तोच सडा सुकू लागतो आणि एप्रिलमध्ये तापून निघतो. झाडाला मूळ खोल घालायला जागा नाही, मुळाला खायला फारसं काही नाही. अशा जागेला आपल्याकडे पटकन पडीक म्हणतात, आणि मला या शब्दाची मनापासून चीड आहे.

कारण याच जागेवर ऑगस्टअखेरीपासून फुलांचे गालिचे पसरतात. सीतेची आसवं घ्या. जांभळट निळी, नखाएवढी फुलं, ओल्या सड्यावर लाखोंनी. या वनस्पतीला खरी मुळं नसतातच. चिखलात तिच्या तंतूंवर सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून ताणून बसते. एखादा सूक्ष्म जलचर तोंडाशीच्या केसांना लागला, की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत झडप उघडते आणि तो पाण्याबरोबर आत ओढला जातो. मातीत नसलेलं नत्र तिनं असं मिळवलं. शेजारीच दवबिंदू ही वनस्पती चिकट पानांवर कीटक धरून तेच करते. पांढऱ्या गोंड्यांचा गेंद शिकार करत नाही, तो थोडक्यात भागवतो. वायतुऱ्यानं आणखी वेगळी वाट काढली आहे. पाऊस संपला की त्याचं वरचं सगळं नाहीसं होतं, आणि कंद पुढच्या पावसापर्यंत जमिनीखाली थांबतो. १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा त्याला अपोनोजेटन सातारेन्सिस हे नाव मिळालं. साताऱ्याचं नाव जगाच्या वनस्पतिशास्त्रात असं कोरलं गेलं आहे, हे इथल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं.

आता इथे कुणी चांगल्या भावनेनं दोन गाड्या शेणखत टाकलं तर? गवत माजेल. कसदार मातीत उंच, दांडगं गवत बोटभर उंचीच्या झाडांचा उजेड खाऊन टाकतं. उपाशी मातीत गवतालाही मर्यादा पडते, म्हणून लहानग्यांना जागा मिळते.

ही गोष्ट इंग्लंडमधल्या बागकामवाल्यांना फार उशिरा उमगली. त्यांच्याकडची रानफुलांची जुनी गवताळ कुरणं १९३०च्या दशकापासून बहुतेक सगळी नाहीशी झाली. नांगरट झाली, खतं पडली. आता तिथे लोक घरामागे रानफुलांचं कुरण करू पाहतात, तेव्हा जाणकार आधी वरची सुपीक माती काढून टाकायला सांगतात. उन्हाळ्यात गवत कापायचं आणि कापलेलं तिथे न ठेवता उचलून न्यायचं, म्हणजे ते कुजून खत होत नाही. शिवाय यलो रॅटल नावाचं एक पिवळं फूल मुद्दाम पेरतात. ते गवताच्या मुळांतून रस घेतं आणि गवताला आवर घालतं. आपल्या पठारावर लांब नळीची पांढरी तुतारी फुलते ना, ती त्याच कुळातली आहे, आणि तिचीही रीत तीच. तिकडे जे कष्टानं उभं करावं लागतं आहे, ते आपल्याकडे आयतं आहे.

आणि गवत कापण्याचं काम? ते कासाणी, एकीव, आटाळी अशा गावांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या करत आली. जुलै २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हटलं. सह्याद्रीतली चार त्यांत आहेत : कास, कोयना, राधानगरी आणि सांगली जिल्ह्यालाही लागून असलेलं चांदोली. कासची गर्दी वाढली आणि ती आवरायला पठारावर तारेचं कुंपण आलं. माणसं थांबली, पण गुरंही थांबली. गवत वाढून फुलं मागे पडतात, अशी तक्रार सुरू झाली आणि पुढे कुंपण काढण्यात आलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. माणसांच्या पायांना वाट आखून द्यावी, संख्येला मर्यादा घालावी, पण चरणाऱ्या गुरांना परकं करू नये. ती या पठाराच्या घडणीत आहेत.

बरेच वाचक विचारतात की कासचं एखादं रोप कुंडीत लावता येईल का. उत्तर स्पष्ट आहे : पठारावरून काहीही उपटून आणू नका. तिथली पावसाळी ओल, जांभा आणि उपासमार कुंडीत येत नाही, रोप मात्र मरतं.

देशी फूलच लावायचं तर तेरडा लावा. कासवर तेरड्याचे काही रानटी भाऊबंद फुलतात. गौरीला आपण आणतो तो साधा तेरडा मात्र कुंपणाकडेलाही आनंदानं येतो. आपल्या भागात त्याची मुळं गौरीची पावलं मानतात, तेव्हा घरच्या पूजेला तो घरचाच असलेला बरा. पहिल्या पावसानंतर बी टाका, खताचा हात आखडता ठेवा. गौरीसाठी हवी तेवढी रोपं काढून बाकीची तशीच राहू द्या. पिकलेली बोंडं हात लागताच फुटतात, बी लांबवर उडतं, आणि पुढच्या जूनमध्ये पेरायचं कामही उरत नाही.